नकाशात आमची वस्ती कुठे आहे?

पारशिवनी तालुक्यातल्या एका गावी बुद्धविहाराच्या फरशीवर आम्ही भारतीय सर्वेक्षण विभागाचा नकाशा पसरला. रविवारची वंदना आटोपली होती. म्हातारी माणसे, गवंडीकामाला जाणारी पोरे, बारावीत शिकणाऱ्या दोन मुली असे पंधरा-वीस जण भोवती बसले. नकाशाचा क्रमांक ५५ ओ/३. पारशिवनीचा मुलूख याच पत्रकावर येतो. गावाचे नाव आम्ही मुद्दामच देत नाही. कारण जे तिथे घडले ते आपल्यापैकी कोणाच्याही गावात घडू शकते.

जमलेल्यांत एक ऐंशी पार केलेले बाबा होते. त्यांच्या वडिलांनी कोतवालकी केलेली. बाबांना अक्षरओळख जेमतेम, पण नकाशा सरळ करून ठेवताच त्यांचे बोट त्यावर असे फिरू लागले, की आम्ही पाहतच राहिलो. हा नाला, ही पांदण, हा तलाव, ही तीन गावांची शीव. पाच मिनिटांत त्यांनी गाव ओळखले. मग बोट थांबले. म्हणाले, "सारं दिसते बाबू यात. नाला दिसते, विहीर दिसते, देऊळ दिसते. आपली वस्ती काहून नाई दिसत?"

वस्ती नव्हती असे नाही. नाल्याच्या अंगाला दोन लाल ठिपके होते. ती आमची वस्ती. चाळीस घरे, एक विहार, एक हातपंप, एक निळा झेंडा, आणि नकाशावर दोन ठिपके. नाव नाही.

याला चूक म्हणता येणार नाही. हा नकाशा १:५०,००० प्रमाणाचा. म्हणजे जमिनीवरचे ५०० मीटर कागदावर एका सेंटिमीटरात बसवायचे. एका पत्रकात पंधरा मिनिटे अक्षांश आणि पंधरा मिनिटे रेखांश एवढा प्रदेश, म्हणजे सुमारे ७०० चौरस किलोमीटर मुलूख मावतो. दीडशे मीटर लांबीची वस्ती त्यावर तीन मिलिमीटरची होते. नियमाने तसेच व्हायचे. पण नियम कळला म्हणून बाबांचा प्रश्न सुटत नाही. उलट तिथूनच तो सुरू होतो. कोणत्या गोष्टी मोठ्या करून दाखवायच्या आणि कोणत्या ठिपक्यात गुंडाळायच्या, हे ठरवताना आम्ही कधी तिथे होतो काय?

ज्यांनी असा नकाशा पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. शाळेच्या भूगोलात याला स्थलदर्शक नकाशा म्हणतात. पिवळा रंग शेतीचा, हिरवा जंगलाचा, निळा पाण्याचा, लाल रस्त्यांचा आणि घरांचा. त्यावर तपकिरी रंगाच्या ज्या वाकड्यातिकड्या रेषा असतात त्या समोच्च रेषा. समुद्रसपाटीपासून सारख्या उंचीवर असलेली ठिकाणे जोडत गेले की अशी रेषा तयार होते. रेषा दाटीने आल्या तर चढ उभा समजायचा, दूर दूर गेल्या तर जमीन सपाट समजायची. ५५ ओ/३ वर उत्तरेकडे पेंचच्या जंगलात या रेषांची गर्दी आहे, कारण तिथे सातपुड्याचे पाय उतरतात. दक्षिणेकडे कन्हानच्या दिशेने या, की रेषा विरळ होत जातात. मैलच्या मैल पिवळा रंग आणि तपकिरी रेषा क्वचितच. नकाशा सांगतो, इथे सगळे सपाट आहे, सगळे सारखे आहे.

सगळे सारखे आहे! हे वाक्य आपण यापूर्वीही ऐकले आहे. गावात आता जातपात राहिली नाही, सगळे सारखे आहेत, असे सांगणारे आपल्याला गावोगाव भेटतात. नकाशाही तेच सांगतो. त्याच्या मनात पाप नाही. त्याच्या दोन समोच्च रेषांमध्ये २० मीटरचे अंतर आहे, म्हणून तो तसे सांगतो. वीस मीटर म्हणजे सहा-सात मजली इमारत. एका रेषेपासून दुसऱ्या रेषेपर्यंत जे काही वर-खाली असेल ते या नकाशाला दिसतच नाही. डोंगराळ मुलुखात वीस मीटर हे माप चालून जाते. तीनशे मीटरच्या आगेमागे पसरलेल्या आमच्या मैदानात मात्र अख्खे गाव, त्याची देवळे, त्याचा वाडा, त्याचा महारवाडा आणि त्याचा नाला हे सगळे त्या दोन रेषांच्या आत सामावते.

आता शेतकऱ्याला विचारा की सपाट म्हणजे काय. धानाची बांधी लावणाऱ्याला वीतभर उंचीचा फरक कळतो. वरच्या बांधीतले पाणी धुरा फोडून खालच्या बांधीत येते. खालची बांधी भरली की त्याच्या खालची. पाण्याला तो उतार दिसतो, बैलाला दिसतो, नांगरणाऱ्याला दिसतो. मैदानी मुलुखात एक मीटर म्हणजे फार मोठी गोष्ट. कोणाचे शेत आधी भिजते, कोणाचे सडते, कालव्याचे पाणी कोणाच्या वावरात आपोआप उतरते आणि कोणाच्या वावराला कालवा शेजारून जाऊनही कोरडा राहतो, हे सगळे त्या एका मीटरने ठरते. भूमिहीनांना जमीन मिळते तेव्हा ती कशी असते हे आपल्याला ठाऊक आहे. एकतर मुरमाड टेकाड, नाहीतर पाणी साचणारे बोडके. सातबाऱ्यावर दोन्हींची नोंद हेक्टर-आर एवढीच. उतार तिथे लिहिलेला नसतो.

वस्तीचेही तसेच. आमच्या वस्त्या गावकुसाबाहेर असतात हे आपण सगळेच सांगतो. पण त्या बाहेर आहेत तशाच खाली आहेत, हे आपण क्वचित सांगतो. आम्ही फिरलो त्या गावांतून वारंवार हेच दिसले. देऊळ आणि वाडा उंचवट्यावर, मधल्या उतारावर इतर घरे, आणि गावचे सांडपाणी जिथे वाहत येते त्या नाल्याच्या काठाला आपली वस्ती. हे कोणी एका दिवशी बसून ठरवले नसेल. शतकानुशतके उंचवट्यावर पहिला हक्क ज्यांचा होता त्यांनी उंचवटा घेतला, आणि उरलेली जागा ती आमची झाली. विषमतेची ही मांडणी मनुस्मृतीत वाचावी लागत नाही. पावसाळ्यात पाणी कुठून कुठे वाहते ते पाहिले की ती दिसते.

२०२० च्या ऑगस्ट महिन्याच्या अखेरीस मध्य प्रदेशात मुसळधार पाऊस झाला. पेंचवरच्या धरणांचे दरवाजे उघडावे लागले. पेंच आणि कन्हान दुथडी भरून वाहिल्या. पारशिवनी, कामठी, मौदा या तालुक्यांतल्या नदीकाठच्या गावांत पाणी शिरले. त्या विहारातल्या मंडळींनी आम्हाला भिंतीवरची खूण दाखवली. पाणी इथवर आले होते. गावातल्या देवळाच्या पायरीला ते लागलेही नव्हते. एकाच गावात, एकाच रात्री, एका नदीचे पाणी. नकाशाच्या दृष्टीने दोन्ही जागा एकाच उंचीच्या!

उंची मोजण्याचे शास्त्र या देशाला ठाऊक नव्हते असे कोणी म्हणू नये. नागपुरात झिरो माईलचा दगड आहे. लोक त्याला देशाचा मध्यबिंदू म्हणून ओळखतात, पण सर्वेक्षणाच्या दृष्टीने तो उंचीची प्रमाणित खूण आहे. त्याची समुद्रसपाटीपासूनची उंची १०२०.१७१ फूट अशी नोंदलेली आहे. फुटाच्या हजाराव्या भागापर्यंत! याच पारशिवनी तालुक्यात नवेगाव खैरीचे धरण आहे. त्याच्या जलाशयाची पूर्ण पातळी ३२५ मीटर. वर तोतलाडोहची पूर्ण पातळी ४९० मीटर. पातळी किती सेंटिमीटरने चढली, किती उतरली, याची नोंद दररोज होते. व्हायलाच हवी. नवेगाव खैरीचे पाणी नागपूर शहर पिते, त्यावर वीज केंद्रे चालतात, त्यावर कालव्याखालचा धान पिकतो. मग ज्या वस्तीत ते पाणी शिरते तिच्या उंबरठ्याची पातळी कोणाच्या वहीत का नसावी? दगडाची उंची ठाऊक आहे, धरणाची ठाऊक आहे. माणसांच्या घरांची का नाही?

नकाशाशी आमचे नाते नवे नाही. १८०२ साली मद्रासजवळ विल्यम लॅम्बटन याने पायारेषा मोजून त्रिकोणमितीय महासर्वेक्षणाचा आरंभ केला. वीस वर्षे तो उत्तरेकडे सरकत राहिला आणि २० जानेवारी १८२३ रोजी नागपूरच्या वाटेवर असताना आपल्या हिंगणघाटला वारला. त्याची कबर आजही तिथे आहे. पुढे जॉर्ज एव्हरेस्टने ते काम ७८ अंश रेखावृत्ताच्या आसपास हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेले. जगातले सर्वात उंच शिखर गणिताने शोधून काढण्याचे श्रेय राधानाथ सिकदर या भारतीय गणिताला दिले जाते, पण १८६५ साली शिखराला नाव मिळाले ते एव्हरेस्टचे. सिकदरांचे निदान नाव तरी इतिहासात उरले. त्या सर्वेक्षणात साखळी ओढणारे, झेंडा धरून टेकडीवर उभे राहणारे, झाडी तोडून दृष्टीची वाट मोकळी करणारे, तापाने जंगलात मेलेले हजारो खलाशी कोण होते? त्यांची कबर कुठल्याही नकाशात नाही.

त्याही आधी या मुलुखाचा नकाशा कागदावर नव्हता. तो माणसाच्या डोक्यात होता, आणि ते डोके बहुतेक वेळा आमच्या पूर्वजाचे होते. गावगाड्यात महाराकडे जी कामे लादलेली होती त्यांत शिवेची राखण हे एक. दोन गावांत शिवेचा तंटा निघाला की महाराची साक्ष निर्णायक मानली जाई. कोणता दगड कोणी हलवला, नाल्याने पात्र कधी बदलले, कोणत्या झाडापासून कोणत्या झाडापर्यंत कोणाचे रान, हे त्याला पाठ असे. केवढी ही विसंगती! सबंध गावाची सीमा ज्याच्या शब्दावर ठरे त्याला त्या सीमेच्या आत राहायची मुभा नव्हती. त्याच्या ज्ञानाला किंमत होती, त्याच्या स्पर्शाला विटाळ होता.

पुढे ते ज्ञान सरकारने कागदावर उतरवून घेतले आणि माणूस बाजूला टाकला. मुंबई इलाख्यात वतनाच्या नावाखाली महारांना तुटपुंज्या जमिनीच्या मोबदल्यात चोवीस तास राबवून घेतले जाई. त्या वतनाच्या बेडीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले. आमच्या नागपूर प्रांतात मालगुजारी होती. गावची पडीत जमीन, तलाव, झुडपे, आबादी या सगळ्यांवर मालगुजाराचा शब्द चाले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, जमीन सरकारजमा झाली. परंतु मालगुजाराच्या मर्जीने ज्या जागेवर आपली माणसे राहत होती त्या जागेचे काय झाले, हे पिढ्यानपिढ्या अनेकांना कळलेच नाही.

इथे आपल्याला दुसऱ्या नकाशाकडे यावे लागते. पहिला नकाशा उंचसखलपणाचा, दुसरा मालकीचा. तलाठ्याकडचा गावनकाशा, त्यावरचे सर्व्हे नंबर, सातबारा आणि आपल्या विदर्भात महत्त्वाचे असे निस्तार पत्रक. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १६१ पासून पुढे याची तरतूद आहे. गावातली कोणती जमीन गुरांना चरण्यासाठी, कोणती स्मशानासाठी, कोणत्या जंगलातून सरपण घेता येईल, कोणत्या तलावाचे पाणी कोणाला, याची ती यादी. याच संहितेचे कलम २२ वाचून पाहा. सरकारी जमीन कोणकोणत्या खास कामांसाठी राखून ठेवता येते ते तिथे दिले आहे. गुरचरण, स्मशानभूमी, गावठाण, खळे, बाजार, आणि मेलेल्या जनावरांचे कातडे सोलण्याची जागा. मेलेली जनावरे ओढण्याचे काम सोडा, हे बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला सांगितले. चार दशकांनंतरच्या कायद्यात त्या कामाची जागा शाबूत आहे. गावनकाशावर आमच्यासाठी जागा होती, पण कोणत्या कामाची, ते पाहा.

ही निस्तार पत्रके मिळवणे सोपे नाही. एका कार्यालयात आम्ही तीन खेपा घातल्या. पहिल्या वेळी साहेब नव्हते, दुसऱ्या वेळी कपाटाची किल्ली नव्हती. तिसऱ्या वेळी, हे घेऊन तुम्ही करणार काय, असे विचारले गेले. प्रश्न बरोबर होता. आपण काय करणार हे आपल्यालाच ठाऊक नसते म्हणून ती कपाटे बंद राहतात.

कर्मवीर दादासाहेब गायकवाडांना ठाऊक होते. पडीत, गायरान आणि जंगलातली कसण्याजोगी जमीन भूमिहीनांना द्या, या मागणीसाठी ६ डिसेंबर १९६४ पासून रिपब्लिकन पक्षाने देशव्यापी भूमी सत्याग्रह केला. लाखो लोक तुरुंगात गेले. आपल्या चळवळीचा तो सोन्याचा काळ. त्या रेट्यातूनच पुढे सरकारला निर्णय घ्यावे लागले. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीन मागासवर्गीयांची गायरानावरची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरले. २००४ साली दादासाहेबांच्याच नावाने भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्धांना चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन देण्याची योजना आली. कागदावर हे सगळे आहे. मात्र १९९० पूर्वीपासून कसतो हे सिद्ध करायला पुरावा लागतो. पुरावा म्हणजे दंडाची पावती, पीकपाहणी, पंचनामा. ज्याच्या हाती कागद त्याची जमीन. ज्याच्या हाती नांगर होता तो कागद शोधत फिरला.

२८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंह प्रकरणात गावच्या सामूहिक जमिनींवरची अतिक्रमणे काढण्याचा आदेश दिला. धनदांडग्यांनी गिळलेली गायराने मोकळी व्हावीत हा हेतू योग्यच. सरकारी निर्णयानुसार भूमिहीन मजुरांना वा अनुसूचित जाती-जमातींना पट्टे दिले असतील तिथे अपवाद ठेवला आहे. पण अपवाद कागद दाखवणाऱ्यासाठी असतो. आणि आता पूर्व विदर्भाच्या सहा जिल्ह्यांपुढे झुडपी जंगलाचा प्रश्न उभा आहे. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत ८६ हजार हेक्टरांवर जमीन महसुली दप्तरात 'झुडपी जंगल' म्हणून नोंदलेली आहे. त्यावर शाळा आहेत, कचेऱ्या आहेत, स्मशाने आहेत आणि गरिबांची घरेही आहेत. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की ही जमीन वनच समजली जाईल. १२ डिसेंबर १९९६ पर्यंत सक्षम अधिकाऱ्याने वाटप केलेल्या जमिनींसाठी केंद्राची मंजुरी घेण्याची वाट मोकळी ठेवली. म्हणजे पुन्हा तोच प्रश्न. तुमच्या घराखालची जमीन दप्तरात काय म्हणून लिहिली आहे, आणि तुम्हाला ती कोणी, केव्हा दिली? आपल्या वस्तीतल्या किती जणांना याचे उत्तर ठाऊक आहे?

हे आजच लिहिण्याचे कारण असे, की नकाशे नव्याने काढले जात आहेत. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने संरक्षणासाठी वेगळी आणि जनतेसाठी वेगळी अशा दोन मालिका केल्या. २०१७ पासून १:५०,००० ची पत्रके सामान्य नागरिकाला संगणकावर विनामूल्य उतरवून घेण्याची सोय झाली. आम्ही विहारात पसरले ते पत्रक असेच मिळवले. फेब्रुवारी २०२१ मध्ये नकाशे बनवण्यावरचे जुने परवाने उठले. खासगी कंपन्यांना दार उघडले. डिसेंबर २०२२ च्या राष्ट्रीय भूस्थानिक धोरणाने ध्येय ठेवले, की २०३० पर्यंत मैदानी प्रदेशाचा २५ सेंटिमीटर इतक्या बारकाईचा उंचीचा नमुना तयार व्हावा. वीस मीटरवरून पंचवीस सेंटिमीटरवर! धानाच्या बांधीचा धुरा ज्या बारकाईने दिसतो तेवढी ही बारकाई. म्हणजे जी वस्ती आजवर दोन रेषांच्या मधे लपली होती तिची पायरी न पायरी दिसणार. नागपुरातच महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र आहे, राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्था आहे. हे ज्ञान आपल्या दारात आहे.

दुसरीकडे २४ एप्रिल २०२० रोजी जाहीर झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोन उडवून गावठाणांची मोजणी होत आहे. गावठाणातल्या घरमालकाला मिळकत पत्रिका आणि सनद मिळते. त्यावर बँक कर्ज देऊ शकते. चांगली गोष्ट. पण ही मोजणी गावठाणाची. आपली वस्ती गावठाणाच्या हद्दीत आहे की हद्दीबाहेर, यावर सगळे अवलंबून. हद्दीच्या आत असेल तर ड्रोनच्या छायाचित्रातले तुमचे छप्पर ही मिळकत ठरते. बाहेर असेल तर तेच छप्पर अतिक्रमण ठरू शकते. छप्पर एकच, छायाचित्र एकच. रेषा कुठून गेली एवढाच फरक. म्हणून आम्ही म्हणतो की आता न दिसण्याचे दुःख संपत आहे, आणि कोणत्या नावाने दिसणार याची लढाई सुरू होत आहे.

नावाचेही असेच. वस्त्यांना असलेली जातीवाचक नावे बदलण्याचा निर्णय महाराष्ट्र सरकारने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर अशी नावे सुचवली गेली. किती ग्रामपंचायतींच्या दप्तरात ती चढली? नकाशाच्या तळाशी चिन्हांची ओळ असते. देऊळ, छत्री, चर्च, मशीद, ईदगाह, थडगे. या ओळीची घडण इंग्रजी अमदानीतली. तेव्हा १९५६ ची धम्मक्रांती व्हायची होती. आता गावोगाव विहार उभे आहेत. ते नकाशावर यायचे तर कोणीतरी मागणी केली पाहिजे. आपोआप आपल्याला या देशात काहीच मिळालेले नाही.

काही मित्र म्हणतील की पोटाचे प्रश्न असताना हे नकाशांचे खूळ कशाला? त्यांना आम्ही महात्मा फुल्यांची आठवण देतो. १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये जोतीरावांनी डोंगरउतारावर ताली-बंधारे घालून पावसाचे पाणी शेतात मुरवण्याचा विचार मांडला. उतार वाचल्याशिवाय बंधारा घालता येत नाही. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात होते. दामोदर खोऱ्याच्या योजनेला त्यांनी दिशा दिली, १९४५ साली केंद्रीय जलमार्ग, सिंचन व नौकानयन आयोग त्यांच्याच कारकिर्दीत उभा राहिला. एका नदीचे सबंध खोरे एकत्र धरून विचार करायचा, हे त्यांनी या देशाला शिकवले. ज्याच्या बापाने खोऱ्याचा विचार केला त्याच्या लेकराला आपल्या नाल्याचा नकाशा वाचता येऊ नये?

कन्हानच्या बाजूला जाऊन पाहा. खुल्या कोळसा खाणींच्या मातीचे ढिगारे टेकड्यांसारखे उभे राहिले आहेत. जुन्या नकाशात त्या टेकड्या नाहीत. नवी टेकडी उभी राहिली की पाण्याची वाट बदलते. ते पाणी कुठे जाणार याचा हिशेब आधी नकाशावर करावा लागतो. जो नकाशा वाचतो तो जनसुनावणीत उभा राहून प्रश्न विचारू शकतो. जो वाचत नाही तो पाणी घरात आल्यावर पंचनाम्याची वाट पाहतो.

म्हणून कार्यकर्त्यांपुढे आम्ही काही साधी कामे ठेवतो. आपल्या गावचे स्थलदर्शक पत्रक मिळवा आणि विहारात लावा. गावनकाशा, निस्तार पत्रक आणि वस्तीखालच्या सर्व्हे नंबरचा सातबारा यांच्या प्रमाणित प्रती काढा. मिळत नसतील तर माहितीच्या अधिकारात मागा. वस्तीखालची जमीन गावठाण, गायरान की झुडपी जंगल, हे प्रत्येक कुटुंबाला कळू द्या. ड्रोन येण्याआधी गावात चुन्याने हद्दी आखल्या जातात. त्या दिवशी मजुरी बुडाली तरी चालेल, पण घरी राहा आणि चुना कुठून जातो ते पाहा. घराची नोंद करताना बाईचेही नाव लावा. हरकतीची मुदत चुकवू नका. आणि पुराच्या पाण्याची जी खूण भिंतीवर आहे ती रंगाने पक्की करून तारीख लिहा. चुना लावून ती पुसू नका. ती आपली समोच्च रेषा आहे.

त्या रविवारी आम्ही परत निघालो तेव्हा बाबांनी थांबवले. म्हणाले, "वीस मीटरचं राहू द्या. आपल्या अन् देवळाच्या पायरीत किती फरक आहे, थे तं सांगा." यंत्र आमच्याकडे नव्हते. पण गवंडीकाम करणाऱ्या पोरांकडे पाण्याची नळी होती. घराची पातळी काढायला वापरतात तीच. पारदर्शक नळीत पाणी भरायचे, दोन टोके दोन ठिकाणी धरायची, पाणी दोन्हीकडे एकाच पातळीला येते. पाणी जात पाहत नाही, खोटे बोलत नाही. देवळाच्या पायरीपासून विहाराच्या पायरीपर्यंत टप्प्याटप्प्याने पोरांनी नळी आणली. बारावीतल्या मुलींनी वहीत आकडे मांडले, बेरीज केली, पुन्हा उलट मोजून ताडून पाहिले. दुपार झाली. उत्तर आले एक मीटर चाळीस सेंटिमीटर.

साडेचार फुटांच्या वर. जवळजवळ छातीइतके पाणी. सरकारी नकाशात जो फरक शून्य होता तो आता त्या विहाराच्या नोंदवहीत तारखेसह लिहिलेला आहे. खाली मोजणाऱ्यांच्या सह्या आहेत आणि बाबांचा अंगठा आहे. पुढच्या ग्रामसभेत तो आकडा वाचला जाणार आहे. वस्तीच्या संरक्षक भिंतीची आणि नाला खोलीकरणाची मागणी त्याच्या आधारावर होणार आहे. ज्यांचे पूर्वज एकेकाळी सबंध गावाची शीव सांगत होते त्यांच्या नातवंडांनी आता आपली पातळी स्वतः मोजली आहे. तुमच्या वस्तीत पाण्याची नळी आहे ना? मग कोणाची वाट पाहता?

जयभीम.